प्रभुलिंग शेट्यांची पिशवी

राजारामपुरीतल्या 'सुष्मिता मॅचिंग सेंटर'चा मालक प्रभुलिंग शेटे याने एका मंगळवारी दुपारी, कुणालाही न विचारता, बारीक व्हायचं ठरवलं. लग्नानंतर बायकोला न विचारता घेतलेला हा त्याचा दुसरा निर्णय. (पहिला, दुकानाला तिचं नाव द्यायचा. तेव्हा ती म्हणाली होती, "माझं नाव कशाला? बायका घरी येऊन मलाच अस्तर मागतील." आणि तसंच झालं.)

तसे प्रयत्न त्याने आधीही केले होते. पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारल्या. पण फेरी जिथे संपते तिथेच मिसळीची गाडी लागते, हा काही त्याचा दोष नव्हे. कोमट पाण्यात मध घेतला. तो आवडला म्हणून चपातीबरोबरही घेतला. टीव्हीवर बघून पोटाला बांधायचा थरथरणारा पट्टा मागवला. तो पोटाला पुरेना. शेवटी निपाणीच्या सासूबाईंनी तो गुडघ्याला गुंडाळायला नेला आणि त्यांना गुण आला म्हणे.

पण या वेळचं ठरवणं वेगळं होतं. त्याचं असं झालं की त्या मंगळवारी एक नवं जोडपं साडीचा फॉल घ्यायला दुकानात आलं. फॉल घेतला, भाव पाडून घेतला आणि निघालं. पोराने गाडीला किक मारली, पोरगी मागे एका बाजूला पाय सोडून बसली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बस, एवढंच. गाडी गेली तरी प्रभुलिंग गादीवर बसून त्या मोकळ्या रस्त्याकडे बघत राहिला. त्याला आतून कसंतरी झालं, आणि ते भुकेमुळे नव्हतं, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं.

कारण तो हात त्याच्याही खांद्यावर होता एकेकाळी. लग्नाच्या वर्षी त्याने स्कूटर घेतली, तेव्हा सुष्मिता अशीच मागे बसायची. हिरव्या चुड्याचा हात खांद्यावर असायचा आणि खड्डा आला की त्याची पकड घट्ट व्हायची. प्रभुलिंग मुद्दाम खड्ड्यांचा रस्ता धरायचा. (कोल्हापुरात त्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही.) पुढे दुकान आलं, दिवसभर गादीवर बसणं आलं, शेंगापोळ्या आल्या. पोट पुढे वाढलं, बाकीचा प्रभुलिंग मागे वाढला आणि सुष्मिता सीटवरून मागे मागे सरकत स्टेपनीपर्यंत गेली. एके दिवशी ती म्हणाली, "अवो, माझा पदर चाकात जातोय. मी आपली रिक्षानं येतो." (कोल्हापूरच्या बायका 'येतो-जातो'च म्हणतात, त्यात काही चूक नाही.)

त्याला पदराचं खरं कारण कळलं होतं आणि त्याला ते कळल्याचं तिला कळलं होतं. तेव्हापासून पुढे हा स्कूटरवर, मागून ती रिक्षात. एकाच घरातून निघालेलं नवराबायकोचं जोडपं लग्नाच्या मांडवाच्या दारात भेटायचं.

तर त्या मंगळवारी प्रभुलिंग गादीवरून उठला आणि गल्लीतल्याच एका दवाखान्यात गेला. तिथे दर मंगळवारी पुण्याचे एक डॉक्टर यायचे. ते अतिलठ्ठ माणसांचं ऑपरेशन करून त्यांना बारीक करतात, असं दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. आकडा त्याला दिसेना, मधे पोट होतं. डॉक्टरांनी तो वाचून दाखवला आणि मग समजावून सांगितलं.

"हे बघा शेटे, जठर म्हणजे एक पिशवी. आपण ती लहान करायची. बरीचशी काढून टाकायची, थोडी ठेवायची. सगळं दुर्बिणीतून. पिशवी लहान झाली की भूकही लहान होते."

"मग स्कूटरवर जागा हुईल?"

"काय?"

"काय न्हाय," प्रभुलिंग म्हणाला.

"एक मात्र आहे. पुढच्या मंगळवारी पत्नीला घेऊन या. घरच्यांना विश्वासात घेतल्याशिवाय मी हात लावत नाही."

इथे गाडी अडली. पोट कापून घ्यायला प्रभुलिंगची तयारी होती, पण ते घरी सांगायची नव्हती. कशासाठी, असं सुष्मिता विचारणार. आणि 'तू मागं बसावंस म्हणून' हे वीस वर्षं संसार केलेल्या बायकोला सांगायला कोल्हापुरी भाषेत अजून शब्द तयार झालेले नाहीत.

म्हणून त्याने सरावासाठी आधी सयाजीला सांगितलं. सयाजी म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त. एकेकाळी लाल मातीत लढलेला, आता गंगावेशीत रोज संध्याकाळी म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला येणारा. त्याने ग्लास खाली ठेवला आणि प्रभुलिंगकडे बघितलं.

"माणूस पोटासाठी मर मर मरतोय, आनि तू पोटच कापाय निघालास व्हय?"

"अरं, थोडंच."

"आनि बारीक झालास तर तुला वळकायचं कुणी? वैनीस्नी सांगितलंस?"

"न्हाय अजून."

"मग हितं काय सांगत बसलास? जा की घरला," असं म्हणून सयाजीने त्याच्या वाटणीचं दूधही पिऊन टाकलं. "तू आता सवय कर."

दुसऱ्या दिवशी प्रभुलिंगने कुरुंदवाडला आक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, दुकानातून फोन लावला. फोनवर तोंड दिसत नाही, तेवढंच बरं.

"आक्का, ऑपरेशन करायचं ठरलंय."

"कसलं रं?"

नेमक्या तेव्हाच दोन बायका दुकानात शिरल्या. परक्या बायकांसमोर स्वतःच्या पोटाचं काय बोलायचं? त्याने आवाज खाली आणला. "पिशवीचं."

आता कोल्हापूर जिल्ह्यात कुठल्याही घरात जाऊन 'पिशवीचं ऑपरेशन' म्हणा, ते एकच असतं, बाईच्या गर्भपिशवीचं. ज्याची हयात बायकांना अस्तर विकण्यात गेली त्याला तर हे ठाऊक असायलाच हवं. पण त्या घटकेला प्रभुलिंगच्या डोळ्यांपुढे फक्त स्वतःची पिशवी होती.

आक्काचा आवाज एकदम मऊ झाला. "अगं बाई. तरास कवापासनं हाय?"

"लई वर्सं झाली की. वाढतच गेलीया."

"आनि आमास्नी पत्त्या न्हाय. टाक्याचं का दुर्बिणीचं?"

"दुर्बिणीचं. बरीचशी काढायची, थोडी ठेवणार हायत."

"थोडी कशाला ठेवत्यात? माझी सगळी काढली की."

प्रभुलिंग गार पडला. "तुझी सगळी काढलीया? मग तू जेवतीस कशी?"

"हातानं," आक्का म्हणाली. "तिचा आनि जेवणाचा काय संबंध?"

हा मुद्दा प्रभुलिंगला नीट समजून घ्यायचा होता, पण समोरची बाई मोरपंखी अस्तर मागत होती. तोवर आक्का पुढे गेली होती. "हे बग, दोन पोरं झाली, शिकाय भाईर गेली. आता काय करायची ती पिशवी ठिऊन?" पोटाकडे एवढ्या वैराग्याने बघणारं माणूस आपल्याच घरात आहे याचा प्रभुलिंगला अभिमान वाटला. "तू सुष्मिताला कायबी बोलू नगंस," आक्का म्हणाली. "घाबरंल ती. मी निपाणीला तिच्या अव्वाला कळवतो. आमी बायका तिला सांगतो पद्धतशीर."

प्रभुलिंगच्या मनावरचं ओझं उतरलं. आपलं काम परस्पर होतंय असं दिसल्यावर नको म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

लगेच दुसऱ्या सकाळी सासूबाई शांतव्वा निपाणीच्या बसने हजर झाल्या. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा होता. सुष्मिता चपात्या लाटत होती. शांतव्वांनी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि तिला पाटावर बसवलं.

"तू बस. सगळं कळलंय आमाला. आता वंजळभर पाणीसुद्दा उचलायचं न्हाय."

"काय कळलंय, अव्वा?"

"तू कायबी बोलू नगंस," शांतव्वा म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. बायकांनी पद्धतशीर सांगणं म्हणतात ते हे.

आता सुष्मिताचं काय झालं असेल ते बघा. महिन्यापूर्वी तिच्या पोटात दुखलं होतं, म्हणून सोनोग्राफी झाली होती. रिपोर्ट प्रभुलिंगनेच आणला होता आणि 'कायबी न्हाय, सगळं झकास हाय' म्हणाला होता. म्हणजे काहीतरी होतं. नवऱ्याने लपवलं होतं, आणि आता ते निपाणीपर्यंत पोचलं तरी तिला कुणी सांगत नव्हतं. तिने विचारणंच सोडलं. आई देईल ते खायची आणि भिंतीकडे बघत बसायची.

प्रभुलिंगचा समज मात्र निराळाच. सासूबाई आपल्या ऑपरेशनसाठी धावून आल्या म्हणून त्याला भरून आलं. लाडू सुष्मिताला का देतात, हे त्याला आधी कळलं नाही; मग वाटलं, सेवा तिला करावी लागणार, ताकद नको का? सासूबाईंनी त्याला सिलिंडर आत न्यायला लावला, माळ्यावरची पातेली काढायला लावली, दोनदा भाजीला पाठवलं. हाही डॉक्टरचाच व्यायाम असणार, असं धरून त्याने सगळं केलं. दुकानात बायका येऊन सांगू लागल्या, "वैनीस्नी जपा हां." तो मान हलवायचा. आपल्या माणसांत एवढी समज आहे, आणि आपण उगाच सांगायला भीत होतो.

शुक्रवारी शांतव्वांनी त्याला बाजूला घेतलं.

"पावणं, ऑपरेशन झाल्यावर लई सांभाळायला लागतंय. तीन म्हैनं जड उचलायचं न्हाय."

"व्हय मामी. डॉक्टर बी तेच म्हणालं."

शांतव्वांनी पदर पुढे ओढला. "आनि लांब ऱ्हायाचं."

प्रभुलिंगला हे ठाऊकच होतं. तुपापासून, शेंगापोळीपासून, सगळ्यापासूनच. तो सुस्कारा टाकून म्हणाला, "ऱ्हायालाच पायजे. पर सणासुदीला?"

"सणासुदीला बी न्हाय."

"आता पाडवा येतोय, मामी. एकांद्या वेळी, नुसतं तोंडाला लावायपुरतं?"

शांतव्वा तडक आत निघून गेल्या. त्यानंतर दोन दिवस त्यांनी जावयाकडे मान वर करून बघितलं नाही.

रविवारी संध्याकाळी प्रभुलिंग अंगणात आला, तर सुष्मिता फडकं घेऊन स्कूटर पुसत होती. आईची नजर चुकवून आली असणार. स्कूटर आधीच स्वच्छ होती, तरी ती मागचीच सीट पुन्हा पुन्हा पुसत होती.

"अवो," ती मान वर न करता म्हणाली, "माझं काय हाय ते खरं सांगा."

"तुझं काय?"

"रिपोटात काय आलतं? मी काय ल्हान पोर न्हाय. अव्वा रडत्या, तुमच्या आक्काचा फोन येतोय, वाण्याची बायको कालपासनं माझ्याशी हळू बोलत्या. जे काय असंल ते असूं दे. मी भीत न्हाय." ती भीतच होती. "फकस्त एक करा. हास्पिटलात जायच्या आदी मला एकदा रंकाळ्यावर न्या. स्कूटरवरनं. रिक्षातनं न्हाय."

प्रभुलिंगला दोन गोष्टी एकदमच कळल्या. आक्काशी बोलताना आपण काय घोळ घातला ती एक. दुसरी, स्कूटरवर मागे बसायचं तिच्याही मनात होतं. तो स्कूटरला टेकला आणि स्कूटर स्टँडसकट कण्हली.

"सुष्मे, पिशवी माझी हाय."

"काय?"

"पिशवी माझी. ऑपरेशन माझं हाय. पोटाची पिशवी कापून ल्हान करायची, म्हंजे मी बारीक हुणार. तुला काय बी झालेलं न्हाय. तुझा रिपोट झकास हाय, मी दुकानातनं आनून दावतो."

सुष्मिता बघतच राहिली. "आनि तुमाला कशाला बारीक व्हायचंय?"

आला तो प्रश्न. प्रभुलिंगने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शब्द तयार नव्हतेच. त्याने नुसता मागच्या सीटवर हात ठेवला, जिथे ती पुसत होती तिथे. "हितं," तो म्हणाला. "हितं जागा व्हावी म्हणून."

सुष्मिताने फडक्याची घडी घातली. "पदराचं मी खोटंच सांगितलतं," ती म्हणाली. "तुमी मला जागा द्यायला पुढं सरकायचासा आनि हँडल पोटात रुतायचं. तुमचा जीव गुदमरल्याला मला मागनं कळायचा. म्हणून उतरलो मी."

एवढ्यात खिडकीतून आवाज आला. शांतव्वा किती वेळ तिथे होत्या देव जाणे. "पावण्यांस्नी बी पिशवी असती?"

मग मात्र सुष्मिताला हसू फुटलं. ती पायरीवर बसून हसली, डोळे पुसून पुन्हा हसली. सगळा उलगडा झाल्यावर शांतव्वा ओशाळून म्हणाल्या, "मग परवा मी 'लांब ऱ्हावा' म्हणालो, ते..."

"मी तुपाबद्दल समजलो, मामी."

शांतव्वांनी पुन्हा पदर पुढे ओढला, पण या वेळी आत त्याही हसत असाव्यात. पदर हलत होता.

"आता चला रंकाळ्याला," सुष्मिता उठून म्हणाली. "शेवटची इच्छा म्हणून न्हाय. अशीच."

शांतव्वांनी उरलेल्या लाडवांचा डबा कापडी पिशवीत घालून तिच्या हातात दिला. आता हे घरात कुणासाठी ठेवायचे, तिकडेच खाऊन टाका, म्हणाल्या. प्रभुलिंग स्कूटरवर बसला. जमेल तेवढा पुढे सरकला. हँडल पोटात रुतलं, पण आज त्याची त्याला पर्वा नव्हती. त्याने किक मारली. गाडी चालू झाली आणि त्याच्या खांद्यावर हात आला. तोच, ओळखीचा भार. एवढ्या वर्षांनी. त्याने गिअर टाकला आणि निघाला.

रस्ताभर तो बोलत होता. समोर बघून बोलायचं असलं की माणसाला धीर येतो. म्हणाला, सुष्मे, मला त्या ऑपरेशनची लई भीती वाटत्या. म्हणाला, मांडवाच्या दारात तुझी रिक्षा येईपर्यंत मी उभा असतो, तेव्हा मला पावण्यासारखं वाटतं. म्हणाला, तू मागं न्हाईस तवा एवढा मी बसूनसुद्दा गाडी रिकामी वाटत्या. हे तर त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. सुष्मिता एका शब्दाने बोलली नाही. तिला गहिवरून आलं असेल, असं समजून त्याने एक खड्डा मुद्दाम घेतला. खांद्यावरचा भार जागचा हलला नाही. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला त्याच्याकडे बघत होता. बघू दे की.

रंकाळ्यावर त्याने गाडी कट्ट्याशी लावली. "उतर," तो म्हणाला.

कुणी उतरलं नाही.

त्याने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. खांद्यावर लाडवांची पिशवी होती.

तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली आणि तिच्यातून सुष्मिता उतरली. "निऱ्या सावरायला म्हणून पिशवी तुमच्या खांद्याला अडकवली, तवर तुमी सुटलासा. किती हाका मारल्या." तिने रिक्षावाल्याला पैसे दिले. "आनि वाटंत बोलत कुनाशी हुतासा? सिग्नलला मी शेजारीच हुतो. तोंड हलत हुतं तुमचं."

"काय न्हाय."

"सांगा की."

जे लाडवांना सांगून झालं होतं ते पुन्हा सांगायला प्रभुलिंगला जमेना. "डिंक जरा जास्त झालाय म्हणालो," तो म्हणाला.

दोघं कट्ट्यावर बसली. सूर्य पाण्याच्या पलीकडे उतरत होता. सुष्मिताने एक लाडू अर्धा केला आणि थोडा विचार करून मोठा अर्धा स्वतः घेतला. निघताना ती म्हणाली, "आता मी आदी बसतो, मग तुमी." तसं करून बघितलं. आधी ती बसली, मग तो बसला, आणि मग ती उतरली. सीट तेवढीच होती.

मॅचिंग सेंटरच्या मालकिणीला माप घ्यायला टेप लागत नाही. तिने त्याच्या पाठीमागे सीटवर अंगठा टेकला, करंगळी ताणली आणि ती सीटच्या पार बाहेर गेलेली बघितली. "ईतभर कमी पडतंय," ती म्हणाली. "मंगळवारी मी येतो डाक्टरकडं. किलोबिलो काय ते त्येंचं त्येंनी बगावं. आमाला ईतभर जागा पायजे, म्हणावं."

"आनि मला भ्या वाटलं तर?"

"मी हाय की," ती म्हणाली आणि रिक्षाला हात केला. बसता बसता तिने पिशवी पुन्हा त्याच्या खांद्याला अडकवली. "रिक्षात हिंदकळत्या. तुमीच न्या."

पुढे स्कूटर, मागे रिक्षा, अशी वरात परत निघाली. प्रभुलिंगने ठरवलं होतं की आता वाटेत तोंड उघडायचं नाही. घरापर्यंत त्याने ते पाळलंही. फक्त शेवटच्या वळणावर खड्डा आला, तेव्हा त्याच्या तोंडून निघूनच गेलं, "नीट धर गं."